सत्तरीतले हेवी मेटल: जुने बँड अजूनही दमदार अल्बम कसे करतात?

प्रश्न असा आहे की ज्यूडास प्रीस्ट, आयर्न मेडन, सॅक्सन, अ‍ॅक्सेप्ट यांच्यासारखे चाळीस-पन्नास वर्षे जुने बँड आजही खरोखर चांगले अल्बम करत आहेत, की आपल्या तरुणपणाच्या आठवणींपोटी आपण त्यांना झुकते माप देतो. आणि ते अल्बम चांगले असतील, तर साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांना इतके शारीरिक कष्टाचे संगीत जमते कसे. ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंग (वेगवेगळे मुद्रित आवाज एकत्र जुळवणे) हा माझा अनेक वर्षांचा व्यवसाय आहे आणि त्यातले बरेचसे काम याच संगीताचे आहे. त्यामुळे हे उत्तर स्टुडिओच्या बाजूने दिलेले आहे आणि ते थोडे लांबणार आहे.

पहिल्या भागाचे उत्तर सरळ आहे. होय, यांतले काही अल्बम खरोखर उत्तम आहेत आणि बँडचे नाव झाकून ऐकवले तरी ते उत्तमच ठरतील. सगळे मात्र तसे नाहीत. नुसत्या नावावर खपणारे, कर्तव्य म्हणून केलेले अल्बम त्यांच्या दुपटीने निघतात. या दोहोंत फरक कशाने पडतो, हा मला खरा प्रश्न वाटतो. माझे निरीक्षण असे की चांगल्या उत्तरकालीन अल्बमच्या मागे जवळजवळ प्रत्येक वेळी अशी एखादी व्यक्ती सापडते, जिला बँडला तोंडावर ‘हे पुरेसे चांगले नाही’ असे सांगण्याचा अधिकार होता आणि जिचे बँडने ऐकले. कीर्ती, पैसा आणि वय या तिन्ही गोष्टी माणसाभोवतीचा विरोध हळूहळू नाहीसा करतात. पंचविशीतल्या बँडला कंपनी, निर्माता, व्यवस्थापक आणि अपुरा पैसा असे सगळेच नकार देत असतात. सत्तरीतल्या बँडला नकार देणारा माणूस मुद्दाम शोधून आणावा लागतो.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण ज्यूडास प्रीस्टच्या लागोपाठच्या दोन अल्बममध्ये मिळते. ‘रिडीमर ऑफ सोल्स’ २०१४ मध्ये आला आणि ‘फायरपॉवर’ मार्च २०१८ मध्ये. दोन्हींवर कलाकार तेच आहेत: गायक रॉब हॅलफर्ड, गिटारवर ग्लेन टिप्टन आणि रिची फॉकनर, बेसवर इयन हिल, ड्रमवर स्कॉट ट्रॅव्हिस. दोन्हींची लांबी तासाभराच्या आसपास आहे आणि गाण्यांची जातही फारशी वेगळी नाही. तरीही पहिला अल्बम ऐकताना चांगल्या कल्पना एका मळकट काचेमागून दिसत असल्यासारख्या वाटतात आणि दुसरा पहिल्याच रिफपासून (गिटारवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या मुख्य स्वरवाक्यापासून) अंगावर येतो. पहिल्याची निर्मिती टिप्टन आणि माइक एक्झिटर यांनी केली होती, म्हणजे बँडचाच एक प्रमुख सदस्य स्वतःच्या कामाचा परीक्षकही होता. दुसऱ्यासाठी बँडने टॉम अ‍ॅलम आणि अँडी स्नीप अशा दोन निर्मात्यांना एकत्र बसवले.

ही जोडी नीट पाहण्यासारखी आहे. अ‍ॅलम यांनी ब्लॅक सबाथच्या पहिल्या अल्बमांवर ध्वनिमुद्रक म्हणून काम केले होते आणि १९८० च्या ‘ब्रिटिश स्टील’पासून १९८८ पर्यंत प्रीस्टच्या स्टुडिओ अल्बमांची निर्मिती त्यांच्याकडे होती. बँडची सगळी ताकद आणि सगळ्या खोडी त्यांना ठाऊक होत्या. स्नीप त्यांच्याहून एका पिढीने लहान. ते सॅबॅट या इंग्लिश थ्रॅश (अतिवेगवान मेटल) बँडचे गिटारवादक होते, म्हणजे हे संगीत ऐकत वाढलेले आणि स्वतः वाजवणारे, शिवाय आधुनिक ध्वनिमुद्रणात मुरलेले. एकाला बँड मुळात काय आहे हे माहीत होते आणि दुसऱ्याला आजच्या श्रोत्याच्या कानाला काय लागते हे. अशा दोन माणसांच्या कात्रीत सापडलेला रिफ एक तर खरोखर चांगला असावा लागतो, नाही तर तो गळतो. २०२४ चा ‘इन्व्हिन्सिबल शील्ड’ एकट्या स्नीप यांनी केला. त्या वेळी हॅलफर्ड ७२ वर्षांचे होते, आणि तो अल्बम ‘फायरपॉवर’पेक्षा चपळ आहे असे माझे मत आहे.

स्नीप यांचे नाव या विषयात वारंवार येते आणि तो योगायोग नाही. क्रिएटरचा २००१ चा ‘व्हायोलंट रिव्होल्युशन’, एक्झोडसचा २००४ चा ‘टेम्पो ऑफ द डॅम्ड’, मेगाडेथचा २००९ चा ‘एंडगेम’, अ‍ॅक्सेप्टचा २०१० चा ‘ब्लड ऑफ द नेशन्स’ अशी ती यादी आहे, आणि यांतला प्रत्येक अल्बम त्या त्या बँडने बऱ्याच चाचपडण्यानंतर पुन्हा पाय रोवल्याची खूण मानला जातो. अ‍ॅक्सेप्टची गोष्ट तर विशेषच आहे. १९९६ नंतर त्यांचा एकही नवा अल्बम आलेला नव्हता, आणि ज्यांच्या खरखरीत आवाजावर बँडची ओळख उभी होती ते उडो डर्कश्नायडर या पुनरागमनात नव्हते. त्यांच्या जागी आलेले मार्क टॉर्निलो यांना जगात फारसे कोणी ओळखत नव्हते. तरीही त्या अल्बममध्ये वोल्फ हॉफमन यांची गिटार ज्या निश्चयाने कापत जाते, तसा निश्चय त्यांच्या नव्वदच्या दशकातल्या कामात मला ऐकू येत नाही. या सगळ्या यशाची एक किंमतही आहे, आणि ती सांगायला हवी. एकाच माणसाच्या हाताखालून इतके बँड गेले की ड्रमचा आवाज सगळीकडे एकसारखा होऊ लागतो. डोळे मिटून फक्त स्नेअर (संचातला कडक वाजणारा मुख्य ड्रम) ऐकला तर कोणता बँड हे सांगणे कठीण जावे, इतके ते साम्य कधी कधी जाणवते.

बाहेरच्या माणसाने कोणत्या प्रकारचा नकार द्यावा, यालाही महत्त्व आहे. ब्लॅक सबाथचा २०१३ चा ‘थर्टीन’ रिक रुबिन यांनी केला, आणि त्यांनी बँडला स्वतःचाच १९७० चा पहिला अल्बम पुन्हा ऐकायला लावून त्या वाटेने जायला सांगितले. सबाथचे गिटारवादक टोनी आयोमी यांना आदल्या वर्षीच लिम्फोमा (एक प्रकारचा कर्करोग) झाल्याचे निदान झाले होते आणि उपचार घेत घेत त्यांनी हे काम केले. त्यांचे रिफ त्या परिस्थितीतही भक्कम आहेत. ब्रिटनमध्ये १९७० च्या ‘पॅरानॉइड’नंतर प्रथमच त्यांचा अल्बम विक्रीच्या तक्त्याच्या शिखरावर पोहोचला. तरीही काही गाण्यांची बांधणी जुन्या गाण्यांवर इतकी बेतलेली आहे की ऐकताना मूळ गाणेच मनात सुरू होते. त्याच आयोमी आणि बेसवादक गीझर बटलर यांनी गायक रॉनी जेम्स डिओ आणि ड्रमर विनी अ‍ॅपीसी यांच्यासह ‘हेवन अँड हेल’ या नावाने २००९ मध्ये ‘द डेव्हिल यू नो’ हा अल्बम केला होता, आणि मला तो कितीतरी अधिक जिवंत वाटतो. तिथे कोणाची नक्कल करायची नव्हती. डिओ तेव्हा ६६ वर्षांचे होते. आयोमी यांचे संथ, जड रिफ आणि त्यांवर डिओ यांचा भरदार आवाज यांत वयाची कुठलीही सवलत मागितलेली नाही. पुढच्याच वर्षी, मे २०१० मध्ये, डिओ गेले. ‘हे पुरेसे चांगले नाही’ आणि ‘हे जुन्यासारखे नाही’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत, आणि दुसऱ्या वाक्याने झालेले नुकसान मी या व्यवसायात पुष्कळ पाहिले आहे.

आता शरीराकडे येऊ, कारण प्रश्नाचा दुसरा भाग तोच आहे. गायकाचे वय सर्वांत आधी ऐकू येते. वाढत्या वयात स्वरतंतूंची लवचीकता कमी होते, श्वासाचा साठा घटतो, आणि मुख्य म्हणजे थकलेला गळा पूर्ववत व्हायला पूर्वीपेक्षा बराच जास्त वेळ घेतो. तार सप्तकातली किंकाळी ही हेवी मेटलची ओळख असली तरी ती सर्वांत आधी महाग होते. समजूतदार बँड यावर जो उपाय करतो तो गाणे लिहितानाच करतो. ‘फायरपॉवर’ लक्षपूर्वक ऐकल्यास हॅलफर्ड यांनी कडव्यांचा बराचसा भार मधल्या पट्टीवर ठेवलेला दिसतो. तिथे त्यांचा आवाज वयाने उलट अधिक गडद आणि अधिकारवाणीचा झाला आहे. ध्रुवपदात त्यांच्याच आवाजाचे दोन-तीन थर एकावर एक रचले आहेत, आणि किंकाळी नेमक्या जागेसाठी राखून ठेवली आहे. किंकाळ्या कमी झाल्यामुळे त्यांचा परिणाम वाढतो, हे ऐकणाऱ्याला सहसा जाणवतही नाही.

स्टुडिओत प्रत्यक्ष काम कसे चालते तेही सांगतो. उतारवयातल्या गायकाकडून मी एका दिवसात दीड-दोन तासांपेक्षा अधिक गाऊन घेत नाही. आधी मधल्या पट्टीतली कडवी, गळा तापला की चढ्या ओळी, आणि किंकाळ्या अगदी शेवटी, कारण त्यांच्यानंतर त्या दिवशी गळ्यात स्वच्छ सूर उरत नाही. किंकाळीचे दोन किंवा तीन टेक (मुद्रणाचे प्रयत्न) घ्यायचे आणि थांबायचे. चौथ्या टेकला सूर कदाचित बरोबर लागेल, पण त्यातला दम गेलेला असतो. सुधारणा करणारे सॉफ्टवेअर सूर सरळ करून देईल. दम मात्र ते आणू शकत नाही. म्हणून थोडा हललेला पण ताकदीने फेकलेला पहिला टेक मी नेहमी जपून ठेवतो, आणि बहुतेक वेळा शेवटी तोच वापरला जातो.

मंचावर याच अडचणीवर आणखी एक उपाय केला जातो, तो म्हणजे सगळी वाद्येच अर्ध्या सुराने उतरवणे. मेटालिका नव्वदच्या दशकापासून मैफलींत असेच करत आले आहेत. गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ८२.४ हर्ट्झवरून ७७.८ हर्ट्झवर येते. ऐकणाऱ्याला गाणे तेच वाटते, किंबहुना थोडे अधिक भारदस्त वाटते, आणि गायकाला प्रत्येक चढ्या ओळीत मोठा दिलासा मिळतो. यात काही कमीपणा नाही. गाणे गळ्याच्या मापाने बसवणे हे गायनाइतकेच जुने शहाणपण आहे.

ड्रमरचा प्रश्न अधिक कठोर आहे, कारण तिथे सवलतीला जागा कमी असते. मिनिटाला २०० ठोक्यांच्या लयीत डबल बेसवर (दोन्ही पायांनी वाजवायच्या बेस ड्रमवर) सलग सोळावे स्वर, म्हणजे एका ठोक्यात चार आघात, वाजवायचे म्हणजे सेकंदाला तेरापेक्षा अधिक आघात, अर्थात प्रत्येक पायाने सेकंदाला साडेसहाहून जास्त. गाणे चार-पाच मिनिटांचे असेल तर हा पिंडऱ्यांचा आणि घोट्यांचा सरळसरळ व्यायाम आहे. स्टुडिओत यावर एक सोपी पळवाट उपलब्ध असते. प्रत्येक आघात संगणकावर उचलून लयीच्या काटेकोर जाळीच्या रेषेवर बसवायचा आणि त्याच्या जागी आधीच मुद्रित केलेला एकच दणदणीत ठोका लावायचा. ऐकायला ते बिनचूक लागते, पण वादक त्यातून पुसला जातो. माणूस भरणीच्या (दोन ओळींमधल्या ड्रमच्या तुकड्याच्या) जागी किंचित पुढे सरकतो, ध्रुवपदावर किंचित मागे रेलतो, आणि या सरकण्या-रेलण्यातच बँडची चाल असते. आयर्न मेडनचे निको मॅकब्रेन यांची ओळखच मुळी एका पेडलवर वाजवण्याची आहे. बँडच्या २०२१ च्या ‘सेंजुत्सु’मध्ये लय पूर्वीपेक्षा मंदावली आहे हे खरे, पण प्रत्येक ठोका त्यांचाच आहे, आणि स्टीव्ह हॅरिस यांच्या बेसशी त्यांचे जे नाते जुळलेले आहे ते कोणत्याही जाळीवर बसवता आले नसते. पुढे जानेवारी २०२३ मध्ये मॅकब्रेन यांना पक्षाघाताचा झटका आला, त्यातून सावरून ते पुन्हा मंचावर गेले, आणि २०२४ च्या अखेरीस त्यांनी दौऱ्यांतून निवृत्ती घेतली.

एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही, ती म्हणजे कान. चाळीस वर्षे मोठ्या आवाजात काम केलेल्या माणसाची श्रवणशक्ती साधारणतः ३,००० ते ६,००० हर्ट्झच्या पट्ट्यात आधी घटते. गिटारच्या तारेवर पिक आदळल्याचा टोकदार आवाज, गायकाची व्यंजने आणि झांजांची धार यांतला मोठा भाग याच पट्ट्यात किंवा त्याला लागून असतो. ज्याला हा पट्टा कमी ऐकू येतो तो साहजिकच तो वाढवायला सांगतो, आणि त्याच्या कानाला संतुलित वाटलेला अल्बम इतरांना कर्कश लागतो. काही वेळा याच्या उलट होते, म्हणजे धार ऐकूच येत नसल्यामुळे ती हरवल्याचे कोणाच्या लक्षात येत नाही आणि सगळे मिश्रण बोथट राहते. ज्येष्ठ संगीतकाराने मिक्सिंगची सूत्रे दुसऱ्या विश्वासू कानांकडे सोपवणे हा म्हणूनच त्याच्या कलेचा भाग मानला पाहिजे. जे बँड ‘आमचा आवाज आम्हीच ठरवू’ म्हणून शेवटपर्यंत हटून बसतात, त्यांचे अल्बम चांगल्या गाण्यांसह वाया गेलेले मी ऐकले आहेत.

आवाजाची पातळी हा वेगळा विषय आहे, त्यावर थोडक्यातच सांगतो. मेटालिकाचा २००८ चा ‘डेथ मॅग्नेटिक’ इतका दाबून मोठा केला गेला की ध्वनिलहरींची टोके कापली गेली. त्याच गाण्यांची एका व्हिडिओ गेमसाठी दिलेली आवृत्ती अधिक मोकळी निघाली आणि श्रोत्यांनी दोन्ही शेजारी ठेवून फरक दाखवून दिला. गाणी जोमदार होती, पण सलग तास-सव्वा तास ऐकताना कान थकतात. तरुण दिसण्याच्या हट्टापायी ज्येष्ठ बँडांनी हा मार्ग कधीच धरू नये.

गिटारच्या बाबतीत वय तितकेसे आड येत नाही, तिथे माणसे बदलण्याचा प्रश्न मोठा असतो. प्रीस्टमधून के. के. डाउनिंग २०११ मध्ये बाहेर पडले आणि त्यांच्या जागी रिची फॉकनर आले, ज्यांचा जन्म ‘ब्रिटिश स्टील’ प्रसिद्ध झाला त्याच वर्षीचा, म्हणजे १९८० चा. ज्याने बँडचे संगीत लहानपणापासून हातात घोळवले आहे असा वादक आला की तो केवळ रिकामी जागा भरत नाही. ज्येष्ठांना स्वतःच्या शैलीतले काय मोलाचे आहे हे तो नव्याने ऐकवतो. टिप्टन यांना पार्किन्सनचा आजार असल्याचे फेब्रुवारी २०१८ मध्ये जाहीर झाले, तरी लेखनात त्यांचा हात राहिला, आणि फॉकनर यांनी त्या दोन गिटारांच्या संवादाची परंपरा तुटू दिली नाही. ध्वनिमुद्रणाच्या दृष्टीने हा संवाद फार नाजूक असतो. एकाच वादकाने डावी-उजवी दोन्ही बाजू वाजवल्या तर मिश्रण घट्ट होते पण आकुंचते. दोन वेगळ्या माणसांचे उजवे हात, पिक धरण्याचे दोन वेगळे कोन, आघातातला अगदी पुसटसा मागेपुढेपणा, यांतून ती रुंद भिंत उभी राहते जिच्यासाठी आपण हे संगीत ऐकतो. हेडफोन लावून एका कानाचे झाकून दुसऱ्याचे ऐकले तर हे कोणालाही पडताळता येईल.

याच मुद्द्यावर कॅनडाच्या व्हॉयव्हॉडचा उल्लेख केल्यावाचून मला पुढे जाववत नाही. त्यांचे गिटारवादक डेनिस डामूर, ज्यांना सगळे ‘पिगी’ म्हणून ओळखत, २००५ मध्ये कर्करोगाने गेले. त्यांच्या विचित्र, विसंवादी स्वरमेळांवरच हा बँड उभा होता, आणि त्यांनी मागे ठेवलेल्या मुद्रणांवरून आणखी दोन अल्बम केल्यानंतर सगळे संपले असेच वाटले असते. पण २००८ मध्ये डॅनियल मॉन्ग्रेन आले. पिगी यांची स्वरभाषा त्यांनी पूर्ण आत्मसात केलेली आहे आणि त्या भाषेत ते स्वतःची वाक्ये बोलतात. २०१८ चा ‘द वेक’ हा त्यांचा अल्बम कॅनडातील जूनो पुरस्काराचा मानकरी ठरला. मला तो बँडच्या १९८० च्या दशकातल्या सर्वोत्तम कामाच्या शेजारी ठेवावासा वाटतो.

आयर्न मेडन माझ्या मूळ मुद्द्याला काहीसा अपवाद आहेत, म्हणून त्यांच्याकडे थोडे थांबून पाहू. १९९९ मध्ये गायक ब्रूस डिकिन्सन आणि गिटारवादक एड्रियन स्मिथ बँडमध्ये परतले आणि पुढच्या वर्षी ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ आला, तोही पॅरिसच्या स्टुडिओत बराचसा एकत्र वाजवून मुद्रित केलेला. निर्माता केविन शर्ली तेव्हापासून तेच आहेत आणि स्टीव्ह हॅरिस स्वतः सहनिर्माते असतात. शेवटचा शब्द हॅरिस यांचाच असतो हे उघड आहे. मग नकार देतो कोण? ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’मध्ये तो आतूनच आला असे मला वाटते. डिकिन्सन आणि स्मिथ यांनी बाहेर असताना उत्तम एकल अल्बम केले होते आणि ते रिकाम्या हातांनी परतले नव्हते. तीन गिटारवादक, पाच गीतकार आणि मर्यादित जागा अशी स्पर्धा असली की दुबळे गाणे आपोआप मागे पडते. २०१५ चा ‘द बुक ऑफ सोल्स’ ९२ मिनिटांचा आहे, आणि त्याच्या अखेरीस डिकिन्सन यांनी पियानोवर रचलेले, आर-१०१ या वायूने तरंगणाऱ्या हवाई जहाजाच्या १९३० मधील अपघातावरचे १८ मिनिटांचे गाणे आहे. त्यातले प्रत्येक मिनिट मला आवश्यक वाटते. २०२१ च्या ‘सेंजुत्सु’बद्दल मात्र असे म्हणवत नाही. सुमारे ८२ मिनिटांच्या त्या अल्बमच्या अखेरीला हॅरिस यांची दहा मिनिटांहून मोठी तीन गाणी सलग येतात. त्यांतले शेवटचे अप्रतिम आहे, पण त्याच्यापर्यंत पोहोचेपर्यंत कान दमतात. मधले एखादे गाणे निम्म्यावर आणा, असे सांगणारा कोणी त्या खोलीत असता तर हा अल्बम त्यांच्या सर्वश्रेष्ठ कामांत गणला गेला असता, असे मला मनापासून वाटते. तबकडीच्या काळात एका बाजूला वीस-बावीस मिनिटेच मावत, आणि ती मर्यादाच एक निर्दय संपादक होती. स्लेयरचा १९८६ चा ‘रेन इन ब्लड’ अर्ध्या तासाच्या आत संपतो आणि त्यात काही कमी पडल्याचे कोणालाही वाटलेले नाही.

वेळेची गोष्टही अशीच दुधारी आहे. मेडनने १९८० ते १९८४ या काळात दरवर्षी एक असे पाच अल्बम केले. ब्लॅक सबाथचा पहिला अल्बम तर जवळजवळ एका दिवसात वाजवून झाला होता. आज ‘फायरपॉवर’ आणि ‘इन्व्हिन्सिबल शील्ड’ यांच्यात सहा वर्षांचे अंतर आहे. या सावकाशीचा फायदा असा की सुचलेला रिफ वर्षभर बाजूला ठेवून पुन्हा ऐकता येतो, आणि वर्षभरानंतरही तो मनात राहिला असेल तर तो बहुधा खरा असतो. शिवाय अल्बममधून पूर्वीसारखे उत्पन्न मिळत नाही, मोठा पैसा दौऱ्यांत असतो, आणि दौऱ्यांवर लोक जुनी गाणीच मागतात. म्हणजे नवा अल्बम करण्याची व्यावहारिक सक्ती या बँडांवर जवळपास उरलेलीच नाही. तरीही जो बँड तो करतो, त्यातला निदान एक जण तरी अजून सांगण्यासारखे काही घेऊन बसलेला असतो.

या सगळ्यात माझ्या सर्वांत जवळचे उदाहरण एका तुलनेने लहान बँडचे आहे. न्यूकॅसलच्या सेटन यांनी १९८३ मध्ये ‘कोर्ट इन द अ‍ॅक्ट’ हा अल्बम केला, त्यानंतर नावे बदलली, माणसे पांगली. २०११ मध्ये १९८३ चेच पाचही जण पुन्हा एकत्र आले आणि २०१३ मध्ये त्यांनी ‘लाइफ सेंटेन्स’ केला. गिटारचा आवाज त्यांनी मुद्दाम हलका ठेवला. विकृतीचे (गिटारचा आवाज मुद्दाम खरखरीत करण्याचे) प्रमाण इतके कमी आहे की प्रत्येक स्वर स्वतंत्र ऐकू येतो आणि कोणतीही चूक लपू शकत नाही. ड्रम खोलीत वाजल्यासारखे वाजतात. मिक्सिंग करणाऱ्याला हे धाडस कळते, कारण विकृती वाढवली की ढिसाळ उजवा हात झाकला जातो, आणि इथे झाकण्यासारखे काहीच नाही. स्टीव्ह रॅमझी आणि रस टिपिन्स यांच्या दोन गिटार एकमेकींना छेदत धावतात तेव्हा त्यांत तीस वर्षांचा खंड कुठे पडला होता हे ओळखता येत नाही. त्यानंतर त्याच पाच जणांनी आणखी चार अल्बम केले आहेत आणि त्यांतला एकही भरताड नाही.

कारकास या इंग्लिश बँडच्या २०१३ च्या ‘सर्जिकल स्टील’बद्दलही हेच म्हणता येईल. १९९६ नंतरचा तो त्यांचा पहिला अल्बम. १९९९ मध्ये मेंदूतील रक्तस्रावामुळे मूळ ड्रमर केन ओवेन यांचे वादन थांबले होते. नव्या ड्रमरने त्यांच्या उड्या मारणाऱ्या लयीची नेमकी जाण दाखवली, आणि ओवेन यांचा आवाज पार्श्वगायनात घेण्यात आला. गिटारवादक बिल स्टीअर यांच्या रिफांत त्या अल्बममध्ये जी तहान आहे ती विशीतल्या वादकाची आहे.

नकाराचा आदर सर्वांत टोकाला नेणारा बँड म्हणजे बोल्ट थ्रोअर. २००५ चा ‘दोज वन्स लॉयल’ झाल्यावर त्यांनी पुढच्या अल्बमचे लेखन सुरू केले, पण नवी गाणी त्या उंचीची होत नाहीत असे लक्षात येताच ते थांबले. मैफली करत राहिले, पण नवा अल्बम काढला नाही. २०१५ मध्ये ड्रमर मार्टिन कर्न्स यांचे निधन झाले आणि पुढच्या वर्षी बँडने पूर्णविराम दिला. चाहता म्हणून मला आणखी एक अल्बम हवा होता. पण ज्या निकषावर त्यांनी तो केला नाही, तोच निकष लावून इतर काही बँड अल्बम करतात, म्हणून या निर्णयाला मी अपयश मानत नाही.

आपल्याला आठवणींचा मोह होतो आहे का, हे तपासायचे असेल तर एक पद्धत सुचवतो. बँडचा एक जुना आणि एक नवा अल्बम घ्या आणि दोन्हींची पातळी कानाला समान वाटेपर्यंत जुळवा, कारण थोडा मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो आणि नवे अल्बम जवळजवळ नेहमी मोठे असतात. मग नवा अल्बम पहिल्या गाण्यापासून ऐकू नका. पहिली तीन गाणी प्रत्येक बँड विचारपूर्वक निवडतो, त्यांवरून काही कळत नाही. सहाव्या-सातव्या गाण्यापासून सुरुवात करा, आणि तिथे रिफ, लय व गळा या तिघांपैकी दोन गोष्टींनी तुम्हाला धरून ठेवले तर अल्बम खरा आहे. सुरुवातीसाठी अ‍ॅक्सेप्टचे ‘रेस्टलेस अँड वाइल्ड’ आणि ‘ब्लड ऑफ द नेशन्स’ घ्या, त्यांच्यानंतर सेटनचे ‘कोर्ट इन द अ‍ॅक्ट’ आणि ‘लाइफ सेंटेन्स’; आणि प्रीस्टचे ‘रिडीमर ऑफ सोल्स’ व ‘फायरपॉवर’ लागोपाठ ऐकताना गाण्यांकडे थोडे दुर्लक्ष करून फक्त दोन गिटारांच्या मधली जागा ऐका.